धक्क्यावरून दिसलेला देश

आमच्या गिरगावातल्या खोलीत पोटमाळ्याखाली एक काळी पत्र्याची ट्रंक होती. आजी तिच्यात तांदूळ ठेवायची. झाकणावर गोंदानं चिकटवलेला एक कागद होता. कडा झिजलेल्या, मधली इंग्रजी अक्षरं मात्र ठळक. मी इंग्रजी वाचायला लागलो त्या वर्षी एकेक अक्षर लावत ते वाक्य वाचलं आणि आजोबांना अर्थ विचारला. आजोबांना आम्ही अण्णा म्हणत असू. "प्रवासात नको," अण्णा म्हणाले. विलायतेहून निघणारा माणूस सामानाचे दोन भाग करी. रोज लागणारं केबिनमध्ये, बाकीचं बोटीच्या पोटात. पोटात जाणाऱ्या पेट्यांवर हा कागद लावत. ही ट्रंक मुंबईला उतरली आणि तिला न्यायला कुणी आलंच नाही. बेवारस सामानाच्या लिलावात अण्णांनी ती घेतली, डोक्यावरून घरी आणली आणि पुढची ४० वर्षं आमच्या घरचे तांदूळ तिच्यात राहिले. दर वर्षी नवे तांदूळ भरताना आजी एकदा तरी म्हणायची, "अहो, काय झालं असेल हो त्या माणसाचं?"

अण्णा १९२८ साली, वयाच्या १९व्या वर्षी, बॅलार्ड पिअरवर सामानाच्या नोंदी करणारे कारकून म्हणून लागले आणि १९६६ साली निवृत्त झाले. या ३८ वर्षांत किती हजार परके चेहरे त्यांच्यासमोरून गेले असतील याचा हिशोब त्यांनी कधी केला नाही. पण बोटीच्या शिडीवरून उतरणारा माणूस या देशात नवा आहे की जुना, हे ते पहिल्या तीन पावलांत सांगत. खूण होती टोपीची. सुएझ कालव्याच्या तोंडाशी पोर्ट सैदला बोट थांबे. तिथं सायमन आर्ट्झचं मोठं दुकान होतं आणि पूर्वेला पहिल्यांदा निघालेले बहुतेक साहेब तिथून उन्हाची टोपी घेत. धक्क्यावरच्या हमालांच्या टोळीत अशा माणसाला ‘कोरी टोपी’ म्हणत. कोरी टोपी शिडीच्या मध्यावर थबकते, असं अण्णांचं निरीक्षण होतं. आधी रुमाल नाकाशी जातो. मग डोळे किलकिले होतात. मग तो मागे वळून बोटीकडे बघतो. जुन्याची टोपी उन्हानं पिवळी पडलेली असे. तो न थांबता खाली येई आणि ओळखीच्या मुकादमाला हाक मारी.

परदेशी प्रवाशांनी हिंदुस्थानाबद्दल लिहिलेली पुस्तकं मी पुढे पुष्कळ वाचली. निम्म्याहून अधिक पुस्तकांत पहिलं किंवा दुसरं प्रकरण मुंबईचं असतं आणि त्यात ऊन, गर्दी, वास, रंगीत पागोटी, कावळे यांची वर्णनं असतात. वाचताना मला दर वेळी ती शिडी दिसते आणि तिच्या पायथ्याशी हातात वही घेऊन उभे असलेले अण्णा दिसतात. पाहुणा देश बघत होता तेव्हा देशही पाहुण्याला बघत होता. पहिल्या बघण्याची पुस्तकं झाली. दुसरं बघणं चाळीच्या गॅलरीत, रात्रीच्या जेवणानंतर, सुपारी कातरताना सांगितलं गेलं आणि तिथंच राहिलं.

मुंबई हे या देशाचं दार फार उशिरा झालं. चार्ल्स दुसऱ्याला पोर्तुगीज राजकन्येबरोबर १६६१च्या करारात ही बेटं आंदण मिळाली आणि १६६८ साली त्यानं ती वर्षाला १० पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. तरीही पुढची दोनशे वर्षं विलायतेचा माणूस आफ्रिकेला वळसा घालून बहुधा मद्रास किंवा कलकत्त्याला उतरे. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी वर चढली, १८६९च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला आणि १८७० साली मुंबई ते कलकत्ता लोहमार्ग सलग झाला. सात वर्षांत नकाशा फिरला. त्यानंतर विलायतेहून येणाऱ्याला हिंदुस्थानची पहिली भेट मुंबईत होऊ लागली.

आणि हे शहर तर देशातल्या दुसऱ्या कुठल्याच गावासारखं नव्हतं. बेटं जोडून, खाड्या बुजवून केलेली जमीन. ना जुनी राजधानी, ना क्षेत्र. इथला पारशी, भाटिया, बोहरी, बगदादी ज्यू, गोव्याचा ख्रिस्ती, घाटावरचा हमाल, कोकणातला गिरणी कामगार, सगळे बाहेरून आलेले. मूळचे म्हणावेत ते कोळी, आगरी, भंडारी, पाठारे. म्हणजे परक्या माणसाला या देशाची पहिली ओळख करून देणारं शहर स्वतःच परक्यांनी भरलेलं होतं. अण्णांना साहेब लोक विचारत, "खरा हिंदुस्थान इथून किती लांब?" अण्णांनी हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला होता की तो सांगताना ते इंग्रजीतच सांगत, अगदी त्या उच्चारासकट. त्यावर उत्तर काय देत, असं मी विचारलं. "काय देणार? मी गाडीकडे बोट दाखवायचो."

गाडी खरंच समोर उभी असे. अण्णा नोकरीला लागले त्याच वर्षी, १ सप्टेंबर १९२८ला, फ्रंटियर मेल सुरू झाली. हिवाळ्यात, बोटींच्या मोसमात, ती थेट बॅलार्ड पिअरच्या फलाटावरून सुटे. उतारूंनी शिडी उतरायची, कस्टमच्या शेडमध्ये आपल्या आडनावाच्या अक्षराखाली रचलेलं सामान ताब्यात घ्यायचं आणि डब्यात चढायचं. पुढचा मुक्काम दिल्ली, लाहोर, पेशावर. कित्येकांनी मुंबईचा एक रस्ताही ओलांडला नाही. त्यांच्या लेखी मुंबई म्हणजे पाव मैल धक्का आणि अण्णांच्या वहीतली एक ओळ.

ज्यांना दोन दिवस मिळत त्यांची फेरी ठरलेली असे. मलबार हिल, पारशांची डुंगरवाडी लांबून, भुलेश्वरचा पांजरपोळ, क्रॉफर्ड मार्केट आणि मचव्यातून घारापुरी. नावंही त्यांच्या कानाला जशी पडली तशी त्यांनी लिहिली. ज्याला जुनी माणसं पालवा म्हणत ते बंदर साहेबाच्या कानात ‘अपोलो’ झालं. कोळ्यांच्या धक्क्याला ग्रीक देवाचं नाव मिळालं. घारापुरीची एलिफंटा झाली ती तिथल्या दगडी हत्तीमुळे. तो हत्ती आज राणीच्या बागेत आहे. आजीनं मात्र शेवटपर्यंत पालवा आणि घारापुरी हेच शब्द वापरले.

आजी रेवदंड्याची. तिचं मुंबईत येणं १९३१ सालचं, लग्नानंतरचं, आगबोटीनं भाऊच्या धक्क्यावर. माझ्या मते आमच्या घरातली पहिली परदेशी प्रवासी तीच. शहर म्हणजे काय हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. अण्णा तिला घोड्याच्या गाडीतून आणत होते. लांबून राजाबाई टॉवर दिसला तेव्हा तिनं हात जोडले आणि विचारलं, "कुठल्या देवाचं देऊळ हो?" अण्णा म्हणाले, "देवाचं नाही. एका आईचं आहे." ते खरंही आहे. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानं आपल्या आईच्या नावानं दिलेल्या पैशांतून तो २८० फुटांचा मनोरा १८७८ साली पुरा झाला. आराखडा लंडनमध्ये बसलेल्या गिल्बर्ट स्कॉटचा. आजीनं ते ऐकलं आणि जोडलेले हात तसेच ठेवले.

या गॉथिक मनोऱ्यांवर परक्या प्रवाशांनी पुष्कळ राग काढला आहे. आल्डस हक्सली १९२५ साली मुंबईला उतरला. त्याला इथल्या इमारती इतक्या कुरूप वाटल्या की पुढच्या वर्षी छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानं त्यांची कडक निंदा केली. त्याची तक्रार मी समजू शकतो. हिंदुस्थान बघायला यावं आणि समोर लंडनचीच नक्कल उभी असावी, हा अपेक्षाभंगच. पण व्हिक्टोरिया टर्मिनसच्या खांबांवरची दगडी पानं, पक्षी, प्राणी जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहेत, इथल्या दगडात इथल्या छिन्नीनं कोरलेले. नकाशा फ्रेडरिक स्टीव्हन्सचा असेल. त्या पानांच्या शिरा त्याच्या नव्हेत. अण्णा मला तिथं नेत, एका खांबापाशी उभं करत आणि विचारत, "सांग, हे कुठलं पान?" आम्ही वड, अंजीर, भेंड अशी नावं घेत राहायचो. खांबाच्या इतक्या जवळ जाऊन उभं राहायला हक्सलीला वेळ मिळाला नसावा.

वासाचं सांगितलं पाहिजे, कारण सगळे प्रवासी वासापासून सुरुवात करतात आणि यात मुंबईची परंपरा फार जुनी आहे. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६९०च्या पावसाळ्याच्या तोंडाशी इथं आला. त्याच्या जहाजावरच्या २४ उतारूंपैकी २०हून अधिक माणसं पाऊस संपायच्या आत पुरली गेली. दोन पावसाळे निभावले म्हणजे इथं माणसाचं आयुष्य पुरं झालं, अशा अर्थाची म्हण तेव्हा गोऱ्यांत प्रचलित होती, तीही त्यानं नोंदवली आहे. एवढी माणसं मरतात कशानं, याची जी कारणं तेव्हाचे इंग्रज सांगत त्यांत एक होतं नारळाच्या बुंध्याशी खत म्हणून घातलेली कुजकी मासळी. तिच्या वासानं हवा विषारी होते, अशी त्यांची खात्री होती. डासांचा आणि हिवतापाचा संबंध कळायला अजून दोनशे वर्षं होती. दोष वासावर आला.

हे मी आजीला एकदा वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या वाडीतला वास तो." रेवदंड्याला तिच्या माहेरच्या नारळींना पावसाआधी मासळीचंच खत पडायचं. मिरगाचा पहिला पाऊस त्यावर पडला की जो वास उठे तो तिच्या लेखी माहेराचा वास होता. मुंबईत आल्यावर पहिल्या पावसाळ्यात ती खिडकीत उभी राहून तो शोधत असे, आणि गिरगावात तो येत नसे म्हणून रडत असे. ओव्हिंग्टननं खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. त्याच्या डोळ्यांदेखत सोबती मरत होते. पण एकाच वासाची एवढी दोन टोकं असू शकतात हे मला त्या दिवशी कळलं आणि तेव्हापासून कुठल्याही प्रवाशानं केलेलं दुर्गंधीचं वर्णन मी आजीला बाजूला बसवल्याशिवाय वाचलेलं नाही.

रेवदंडा म्हणजे जुनं चौल. मुंबईला कुणी विचारत नव्हतं तेव्हा परका माणूस चौलला उतरे. अफानासी निकितीन हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी होर्मुझहून १४६९च्या सुमारास तिथं आला. विकायला त्यानं एक घोडा आणला होता. त्यानं लिहून ठेवलेल्या हकिगतीत मला सगळ्यांत प्रिय असलेली गोष्ट ही की इथले लोक कसे दिसतात हे सांगतानाच तो कबूल करतो, मी जाईन तिथं माणसं माझ्या मागे येतात आणि माझ्या गोऱ्या रंगाकडे थक्क होऊन बघतात. आपण बघतो आहोत तसे बघितलेही जातो आहोत, याची जाणीव त्याला होती. पुढे तो जुन्नरला गेला, पावसाळा तिथंच काढला. तिथल्या खानानं त्याचा घोडा हिसकावला आणि धर्म बदललास तरच परत देईन म्हणाला. मध्ये एक खुरासाणी गृहस्थ पडला आणि घोडा सुटला. जुन्नरच्या चिखलात अडकलेल्या या माणसानं मग बीदर पाहिलं, वर्षं काढली, आणि मायदेशी पोचण्याआधीच वाटेत वारला. ख्वाजा अहमद अब्बासांनी त्याच्यावर १९५७ साली ‘परदेसी’ चित्रपट काढला, त्यात नर्गिस होती. आजीनं तो दोनदा पाहिला. आज रेवदंड्यात निकितीनचं स्मारक आहे.

मार्क ट्वेन १८९६च्या जानेवारीत मुंबईला आला आणि वॉटसन हॉटेलात उतरला. काळा घोड्याजवळची ती इमारत आज जीर्ण अवस्थेत उभी आहे. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून, सुटे भाग बोटीनं आणून इथं जोडला होता. त्याच वर्षी जुलैच्या ७ तारखेला तिथं ल्युमिएर बंधूंचा सिनेमा दाखवला गेला आणि काही आठवड्यांतच मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला. ट्वेनला खोकल्यानं घेरलं होतं. खोलीतून बाहेर पडता येईना तेव्हा त्यानं गॅलरीतले कावळे न्याहाळले आणि त्यांच्यावर अशी काही पानं लिहिली की मुंबईच्या कावळ्याला तोड नाही असं वाटावं. पण मला त्याचं दुसरं एक वर्णन छळत आलं आहे. खोली दाखवायला आलेल्या धिप्पाड जर्मन माणसाला तिथल्या नोकराच्या कामात काहीतरी खोट दिसली. काय चुकलं हे सांगण्याआधीच त्यानं त्या नोकराच्या जबड्यावर फटका मारला. नोकरानं तो मुकाट सोसला. आणि ट्वेन क्षणात पन्नास वर्षं मागे, मिसुरीतल्या आपल्या लहानपणात गेला, जिथं गुलामाला मारणं ही घरोघरची गोष्ट होती. हा देश पहिल्या दिवशी त्याला असा भेटला.

ही घटना त्यानं लिहिली म्हणून मी ट्वेनला मानतो. असे फटके त्या काळी रोज पडत होते आणि शेकडो प्रवाशांनी ते पाहिले. त्यांना ते लिहिण्याजोगे वाटले नाहीत. तरीही त्या नोकराचं नाव ट्वेनच्या पुस्तकात नाही. तो कुठल्या गावचा, त्या रात्री घरी जाऊन त्यानं बायकोला काय सांगितलं, हे कुठंच नाही. अण्णांचे एक चुलते त्याच सुमाराला कोटातल्या एका हॉटेलात कामाला होते. कुठल्या, ते घरात कुणालाच ठाऊक नाही. त्यांच्याबद्दल एवढंच सांगत की ते फार बोलत नसत आणि कुणी अंगावर हात उगारला, अगदी लहान मुलानं खेळात उगारला, तरी उठून बाहेर जात.

सगळेच दारातून परतले असं नाही. ई. एम. फॉर्स्टर १९१२च्या ऑक्टोबरात मुंबईला उतरला आणि लगोलग उत्तरेला गेला. १९२१ साली तो पुन्हा आला तो देवासच्या तुकोजीराव पवारांचा खासगी चिटणीस म्हणून. माळव्यातला मराठा दरबार, मराठी बोलणारं घर. तिथली गोकुळाष्टमी त्यानं आठवडाभर आतून पाहिली. काही कळली, बरीचशी कळली नाही, आणि कळत नाही हे त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं. १९२४ साली त्याची प्रसिद्ध कादंबरी आली. तिचा शेवटचा भाग या उत्सवाचा आहे आणि त्यात भजन चाललं आहे तुकारामाच्या नावाचं. मुंबईच्या धक्क्यापासून तुकोबाच्या नावापर्यंत पोचायला त्या माणसाला नऊ वर्षं आणि दुसरी खेप लागली. कादंबरी आली त्याच वर्षी डिसेंबरात गेटवे ऑफ इंडिया खुला झाला.

१४ एप्रिल १९४४बद्दल अण्णा कधी बोलले नाहीत. ते आजीनं सांगितलं. दुपारी चार वाजून गेल्यावर गिरगावातली तावदानं हादरली, अर्ध्या तासानं पुन्हा. व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा घेऊन आलेली फोर्ट स्टायकिन बोट फुटली होती. अण्णा रात्री उशिरा चालत घरी आले, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. वही हातातच होती. 

चार वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ला, ते वडिलांना, म्हणजे माझ्या पणजोबांना घेऊन पालव्यावर गेले. सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पलटण गेटवेच्या कमानीखालून बोटीकडे निघाली. इंग्रजांची ही शेवटची तुकडी. हा देश कायमचा सोडताना उन्हाची टोपी समुद्रात टाकायची, अशी जुन्या साहेब लोकांची रीत होती. अण्णांना ती ठाऊक होती, आणि पलटण गेल्यावरही ते बराच वेळ पाण्याकडे बघत उभे होते, असं पणजोबा सांगत.

व्ही. एस. नायपॉल १९६२ साली बोटीनंच मुंबईला आले. दोन पिढ्यांपूर्वी इथून त्रिनिदादला गेलेल्या घराण्यातला हा माणूस. पूर्वजांचा देश बघायला आलेला. तेव्हा दारूबंदी होती. कस्टमनं त्यांच्याजवळच्या बाटल्या अडकवल्या आणि परमिटासाठी या कचेरीतून त्या कचेरीत त्यांचे हेलपाटे सुरू झाले. एका कचेरीत त्यांच्या सोबतची स्त्री उकाड्यानं भोवळ येऊन पडली. त्यांनी पाणी मागितलं. कारकून जागचे उठले नाहीत, कारण पाणी आणणं हे कारकुनाचं काम नव्हतं, शिपायाचं होतं. शिपाई यायला वेळ लागला. या देशाबद्दलचं त्यांचं जे कडवट पुस्तक १९६४ साली निघालं त्याच्या सुरुवातीलाच ही हकिगत आहे. पुस्तक आलं तेव्हा इथं अनेकांना फार झोंबलं.

कॉलेजात असताना ते पान मी अण्णांना मराठीत सांगितलं. नायपॉल उतरले त्या वर्षी अण्णा धक्क्यावर नोकरीत होते, पण ती कचेरी त्यांची नव्हती. मला वाटलं होतं, अण्णा चिडतील, बाहेरचा माणूस चार दिवस येतो आणि काय काय लिहितो असं काहीतरी म्हणतील. ते गप्प झाले. सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला. "पाणी द्यायला हवं होतं," म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आपल्यातलं कुणीही उठू शकलं असतं." त्या वेळी मला ते उत्तर फार साधं वाटलं. आता वाटतं, नायपॉलांच्या त्या प्रकरणाला एवढं सरळ उत्तर दुसऱ्या कुणी दिलं नसेल.

सुएझ कालवा १९६७ साली बंद पडला आणि आठ वर्षं बंद राहिला. तोवर विमानांनी उतारू पळवले होते. परक्या माणसाचं दार बॅलार्ड पिअरवरून सांताक्रूझला आणि मग सहारला गेलं. शिडीवरून दिसणाऱ्या शहराऐवजी आता खिडकीतून निळी ताडपत्री आणि गंजके पत्रे दिसतात. काही जण त्याच दिवशी वाटाड्या घेऊन दोन तास धारावी बघतात आणि देश कळला म्हणतात. दोन तासांत कळलेल्या धारावीत मला फ्रंटियर मेलच्या उतारूंचाच पाव मैल दिसतो.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो त्याच्याविषयी. वॉल्टर कॉफमन, जन्म १९०७, बोहेमियातल्या कार्ल्सबादचा ज्यू संगीतकार. युरोपात हिटलरची छाया वाढू लागली तेव्हा, १९३४ साली, तो मुंबईला आला. फार दिवस राहायचा विचार नव्हता. इथलं संगीत त्यानं पहिल्यांदा ऐकलं ते ध्वनिमुद्रिकांवर आणि त्याला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. दुसरा एखादा हे रानटी सूर आहेत असं घरी कळवून मोकळा झाला असता, आणि असं कळवणाऱ्यांची पत्रं, पुस्तकं भरपूर आहेत. कॉफमननं निराळा विचार केला. ज्या संगीतावर इतकी माणसं जीव टाकतात ते वाईट कसं असेल? खोट आपल्या कानात असली पाहिजे. मग तो मूळ जागी जाऊन शिकू लागला. १२ वर्षं मुंबईत राहिला. पाश्चात्त्य चेंबर संगीताची मंडळी जमवली, त्यात मेहली मेहता व्हायोलिन वाजवत. नभोवाणीवर नोकरी केली. आणि आकाशवाणीची सुरुवातीची धून बांधली.

ती धून ऐकली नाही असा माझ्या वयाचा मराठी माणूस नसेल. खाली तंबोरा आणि वर ते व्हायोलिन, शिवरंजनीच्या अंगानं जाणारं. आमच्या चाळीत पाणी पहाटे यायचं. आजी उठून पिंपं भरायची आणि अण्णा रेडिओ लावून दाढीचं पाणी घ्यायचे. अजून गाणं नाही, बातम्या नाहीत, बाहेर अंधार. आणि ते सूर. अख्ख्या चाळीतून एकाच वेळी येणारे. माझ्या लेखी माझ्या देशाचा पहिला आवाज तोच आहे, आणि तो एका निर्वासिताच्या हातचा आहे, ज्याला हे संगीत पहिल्यांदा ऐकून काहीच कळलं नव्हतं.

हे मला कळलं तेव्हा अण्णा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. १९३४ साली ते धक्क्यावर होते. कॉफमनच्या पेट्यांची नोंद त्यांनीच केली असं मी म्हणणार नाही. अण्णांसारखे कारकून तिथं पुष्कळ होते. पण युरोपातून पळून येणारे ते लोक त्यांनी पाहिले होते. सामान अगदी थोडं, असं ते सांगत. कोरी टोपीसुद्धा नसे. शिडीच्या मध्यावर ते थबकत नसत आणि मागे वळून बोटीकडे बघत नसत.

बॅलार्ड पिअरवर आता क्रूझ बोटींसाठी नवं टर्मिनल उभं राहिलं आहे. चाकांच्या बॅगा ओढत पाहुणे पुन्हा पाण्याच्या वाटेनं येत आहेत. त्यांच्या पहिल्या दिवसाची वर्णनं ते लिहितील, छापतील, फोटोंसकट. आपल्या बाजूची वही मात्र कोरीच आहे. तुमच्या घरात गोदीत, स्टेशनात, हॉटेलात, कस्टममध्ये काम केलेलं कुणी म्हातारं माणूस अजून असेल तर आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसा. शिडीवरून उतरणारी माणसं त्यांना कशी दिसली, ते विचारा. आणि ते सांगतील ते तारखेसकट लिहून ठेवा.